मधला चेहरा सपाट आहे, मग करायचं काय?

एकाला वाटतं, आपलं नाक फार मोठं आहे. दुसरीची कितीही झोप झाली तरी डोळ्यांखाली थकल्यासारखं दिसतं. तिसरा म्हणतो, माझा खालचा जबडा पुढे आलाय, तो जरा आत घ्या. चौथीला हसताना वरचे दात दिसतच नाहीत. हे चौघं चार वेगळ्या डॉक्टरांकडे जातील: एक नाकाच्या, एक डोळ्यांच्या, एक जबड्याच्या, एक दातांच्या. आणि तरीही चौघांच्या तक्रारीचं मूळ एकच असू शकतं. डोळ्यांच्या खालच्या कडेपासून वरच्या ओठापर्यंतचा भाग जेवढा पुढे असायला हवा तेवढा तो नाही. नाक होतं तेवढंच असतं. शेजारचे गाल मागे राहिल्यामुळे ते एकटंच पुढे घुसल्यासारखं दिसतं. खालचा जबडाही बऱ्याचदा जागच्या जागी असतो, वरचाच मागे पडलेला असतो.

डॉक्टर याला मिडफेस हायपोप्लेझिया म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार नसतो, माणसांचे चेहरे जसे निरनिराळे असतात त्यातलाच तो एक प्रकार असतो. जगातल्या कितीतरी समाजांत गालांचा मधला भाग सपाट असणं हीच सर्वसाधारण ठेवण आहे. काहींच्या बाबतीत मात्र त्यामागे ठोस कारण असतं. दुभंगलेला ओठ किंवा टाळू असेल, तर लहानपणी झालेल्या शस्त्रक्रियेचे व्रण वरच्या जबड्याची वाढ रोखून धरतात. क्रूझॉन किंवा अ‍ॅपर्टसारख्या जन्मजात सिंड्रोममध्ये कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात आणि डोळ्यांखालचा सगळा भाग मागे राहतो. बाइंडर सिंड्रोममध्ये नाकाचा पाया आणि त्याभोवतीचं हाड खुजं राहतं. अपघातात गालाचं हाड आत दबून तसंच जुळून आलेलं असू शकतं. आणि वय वाढतं तसं हाडही झिजतं. डोळ्याची खोबण रुंदावते, नाकाच्या बाजूचं हाड मागे सरकतं. चाळिशी-पन्नाशीनंतर ‘गाल उतरले’ असं आपण म्हणतो, त्यात चरबी आणि त्वचेबरोबर या मागे सरकलेल्या हाडाचाही वाटा असतो.

म्हणजे ‘सपाट’ हे वर्णन झालं, निदान नव्हे. आणि या विषयातल्या बहुतेक पस्ताव्यांची सुरुवात वर्णनालाच निदान मानण्यातून होते असं माझं मत आहे.

तीन मजले

समजून घ्यायला सोपं जावं म्हणून मधल्या चेहऱ्याचे तीन मजले कल्पूया. सगळ्यात वरचा मजला म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि गालाचं हाड. मधला मजला म्हणजे नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंचा भाग, जिथून हसताना पडणाऱ्या घडीची सुरुवात होते. आणि तळमजला म्हणजे वरचे दात ज्यात रोवलेले आहेत तो जबडा आणि त्यावर टेकलेला ओठ.

एखाद्याचे तिन्ही मजले मागे असतात, एखाद्याचा फक्त वरचा, एखाद्याचा फक्त तळमजला. पुढे ज्या शस्त्रक्रिया येतील त्यातली प्रत्येक एखाद-दुसऱ्या मजल्यापुरतीच काम करते. तळमजला मागे असताना गालाच्या हाडावर इम्प्लांट, म्हणजे भर घालणारा कृत्रिम तुकडा, बसवलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. गाल उठतात, पण तोंडाभोवतीचा भाग जास्तच खोल वाटायला लागतो.

शिवाय प्रत्येक मजल्यावर दोन थर आहेत: आत हाड, बाहेर चरबी-स्नायू-त्वचा. हाड मागे आहे, की हाड जागेवर आहे आणि वरची गादीच पातळ आहे, हा दुसरा प्रश्न. एखाद्या सडपातळ तरुणाच्या गालावर चरबीच नसते म्हणून तो सपाट दिसतो, आणि गुबगुबीत गालांखाली मागे पडलेलं हाड वर्षानुवर्षं लपून राहतं.

आरसा आणि कॅमेरा, दोघंही फसवतात

कुठलाही निर्णय मोबाइलच्या सेल्फीवरून घेऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी गणिती मॉडेल वापरून दाखवलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. कारण साधं आहे. कॅमेरा जवळ असला की त्याच्या सगळ्यात जवळची वस्तू, म्हणजे नाक, प्रमाणाबाहेर मोठी होते आणि गाल-कान मागे पळतात. याच्या उलट, लांबून झूम करून काढलेला फोटो चेहरा चपटा करतो. समोरून फ्लॅश मारला की गालांवरच्या सावल्याच पुसल्या जातात आणि धडधाकट गालाचं हाडसुद्धा गायब होतं. एकच चेहरा दोन फोटोंत दोन माणसांचा वाटावा इतका हा फरक असतो.

घरी पाहायचंच असेल तर दोन मीटर अंतरावरून, मान सरळ ठेवून, नजर समोर लावून, कोणाकडून तरी नेमका बाजूने फोटो काढून घ्या. त्यावर डोळ्याच्या बुबुळाच्या सगळ्यात पुढच्या बिंदूपासून सरळ खाली एक उभी रेघ ओढा. गालाचा उंचवटा त्या रेघेच्या पुढे किंवा तिच्यापाशी असेल, तर डोळ्याला खालून नीट आधार आहे. गाल रेघेच्या बराच मागे असेल, तर त्याला ‘निगेटिव्ह व्हेक्टर’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे एका ठिकाणी तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मग दात. मागच्या दाढा सहज एकमेकींवर टेकवल्या, की वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या साधारण दोन-तीन मिलिमीटर पुढे असायला हवेत. ते खालच्या दातांच्या मागे जात असतील, तर जबड्यांच्या नात्यात गडबड असण्याची शक्यता मोठी. पण दात बरोबर बसतात म्हणून जबडा बरोबर आहे असा निष्कर्ष काढू नका. दात तडजोड करण्यात पटाईत असतात. वरचा जबडा मागे राहिला की वरचे दात पुढे झुकतात, खालचे आत कलतात आणि वरवर सगळं जुळल्यासारखं दिसतं. लहानपणी तारा लावून ही तडजोड मुद्दाम घडवून आणलेलीही असते.

खरं मोजमाप एक्स-रेवर होतं. बाजूने काढलेल्या सेफॅलोग्राम नावाच्या एक्स-रेत कवटीच्या ठरावीक बिंदूंना जोडून कोन मोजतात. त्यातला एसएनए हा कोन वरचा जबडा कवटीच्या तळाच्या तुलनेत किती पुढे आहे ते सांगतो. त्याची सरासरी ८२ अंश धरतात. खालच्या जबड्याचा एसएनबी साधारण ८०. दोन्ही आकडे हातात आले, की ‘वरचा मागे की खालचा पुढे’ या वादाला काही आधार मिळतो. मात्र या सरासऱ्या गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांवरून आल्या आहेत, तेव्हा ७९ अंश आला म्हणून आकाश कोसळत नाही. वरच्या मजल्याबद्दल तर हा कोन काहीच सांगत नाही. डोळ्यांखालच्या हाडासाठी सीटी स्कॅन लागतो.

जबडा पुढे आणणं

१९०१ मध्ये रेने ले फोर्ट नावाच्या फ्रेंच सर्जनने एक अंगावर काटा आणणारा अभ्यास छापला. मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी जोरदार आघात करून हाडं कुठे तुटतात ते त्याने पाहिलं. आघात कसाही असो, चेहरा पुन्हा पुन्हा त्याच तीन रेषांवर तुटत होता. पहिली रेष दातांच्या मुळांवरून आडवी जाते. दुसरी नाकाच्या मुळापासून पिरॅमिडसारखी खाली उतरते. तिसरी डोळ्यांच्या खोबणींतून जाते आणि सगळा चेहराच कवटीपासून सुटा करते. अपघाताच्या या रेषा पुढे सर्जनांनी उलट्या वापरल्या: हाड कुठे तुटतं हे माहीत आहे, तर तिथेच ते हिशेबाने कापून हवं तिथे नेऊन बसवता येईल. हॅरोल्ड गिलीज या ब्रिटनमधल्या प्लास्टिक सर्जनने १९४० च्या दशकात तिसऱ्या रेषेवर शस्त्रक्रिया करून पाहिली, ती इतकी अवघड गेली की त्याने इतरांना त्या वाटेला न जाण्याचा सल्ला दिल्याचं सांगतात. पुढे पॉल टेसिये या फ्रेंच सर्जनने ती पद्धतशीर बसवली आणि १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत आपले रुग्ण जगासमोर मांडले.

आज ‘जबड्याची शस्त्रक्रिया’ म्हणतात ती बहुतेक वेळा पहिल्या रेषेवरची, म्हणजे ले फोर्ट वन. पूर्ण भूल देतात. वरच्या ओठाच्या आतून छेद घेतात, त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. दातांच्या मुळांच्या वरून हाड कापून वरचा जबडा दातांसकट सुटा करतात, ठरवलेले मिलिमीटर पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रूंनी घट्ट बसवतात. सुटा झालेला जबडा टाळू आणि हिरड्यांकडून येणाऱ्या रक्तावर जगतो. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांना सर्जन आधी ते सोडायला लावतात.

याचा फायदा असा, की तळमजला खरोखरच पुढे येतो. वरच्या ओठाला आधार मिळतो, हसताना दात दिसतात, नाकाच्या बाजूचा खळगा भरून येतो, वरखालचे दात नीट बसतात आणि चावणं सुधारतं. दोन्ही जबडे पुढे आणले तर घशामागची श्वासाची वाट रुंदावते. झोपेत श्वास अडकण्याच्या तीव्र विकारावर हा एक परिणामकारक उपाय मानला जातो. फिलर (सुईने टोचून घालायची भर) किंवा इम्प्लांट यातलं काहीही करू शकत नाही.

आता मर्यादा, कारण जाहिरातीत त्या सहसा नसतात. ले फोर्ट वनमध्ये कापणी गालाच्या हाडाच्या खालून जाते. म्हणजे वरचा मजला होता तिथेच राहतो. जबडा ६ मिलिमीटर पुढे आला आणि डोळ्यांखालचा भाग मुळातच मागे होता, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही ‘माझे डोळे अजून तसेच थकलेले दिसतात’ ही तक्रार उरते. कापणी थोडी वर नेण्याचे सुधारित प्रकार आहेत, पण ते सगळेच सर्जन करत नाहीत. दुसरी गोष्ट नाकाची. जबडा पुढे येतो तसा नाकाचा पाया रुंदावतो आणि शेंडा थोडा वर उचलला जातो. नाकपुड्या आवळून धरणारा एक टाका घालतात, तरी नाक बदलणार हे धरूनच चालावं. नाकाची वेगळी शस्त्रक्रिया करायची असेल तर ती जबड्याच्या नंतर.

तिसरी गोष्ट वेळ. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, पण तिच्याआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावून दातांची ती जुनी तडजोड उलगडावी लागते. या काळात चेहरा आणि चावा दोन्ही आधीपेक्षा वाईट दिसतात. खालचे दात आणखीच पुढे आल्यासारखे वाटतात. ही गोष्ट ज्याला आधी कोणी सांगितलेली नसते, तो मध्येच हाय खातो. काही ठिकाणी आधी शस्त्रक्रिया आणि मग तारा असा उलटा क्रम वापरतात, पण प्रत्येकाच्या दातांना तो चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे पातळ आणि मऊ आहार. वरचा ओठ, गाल आणि हिरड्या सुरुवातीला बधिर असतात. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींच्या थोड्या भागात ती कायमची कमी राहते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जबडा थोडा मागे सरकणं हे धोके आहेतच. जबड्याच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटणं हा दुर्मिळ, पण गंभीर धोका.

पाच-सहा मिलिमीटरपर्यंतची सरकवणी सहसा टिकते. दहाच्या पुढे गेलं की ओठ-टाळूचे ताणलेले ऊतक जबड्याला मागे खेचायला लागतात, व्रण असलेल्या दुभंगलेल्या टाळूत तर जास्तच. अशा वेळी डिस्ट्रॅक्शन वापरतात. ही युक्ती सायबेरियातल्या कुर्गानमध्ये हातापायांच्या हाडांवर काम करणाऱ्या गावरिल इलिझारोव्हची. हाड कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग स्क्रू फिरवत रोज सुमारे १ मिलिमीटर या गतीने दोन टोकं दूर न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं, आणि त्वचा-स्नायूंनाही ताणायला वेळ मिळतो. मग ते हाड पक्कं होईपर्यंत दोन-तीन महिने यंत्र तसंच ठेवायचं. ले फोर्ट दोन आणि तीन या शस्त्रक्रिया मुख्यतः सिंड्रोम किंवा मोठ्या दुखापतीसाठी आहेत. डोळे आणि मेंदूच्या इतक्या जवळ काम चालतं, की निव्वळ गाल थोडे उठावदार दिसावेत म्हणून कोणी ले फोर्ट थ्री सुचवत असेल, तर त्या खोलीतून बाहेर पडून दुसरं मत घ्यावं.

हाड न हलवता भर घालणं

दातांची ठेवण चांगली आहे आणि फक्त बाह्यरेषा सपाट आहे, तेव्हा जबडा कापण्यात अर्थ नसतो. इथे इम्प्लांट येतात. गालाच्या हाडावर, डोळ्याच्या खालच्या कडेवर किंवा नाकपुड्यांच्या शेजारी, जो मजला मागे असेल तिथे. नाकाशेजारचे इम्प्लांट ले फोर्ट वनने मिळणाऱ्या भरीची बऱ्याच अंशी नक्कल करतात. दात आणि श्वास मात्र होते तसेच राहतात.

साहित्य कोणतं, याचा परिणाम पुढच्या कित्येक वर्षांवर होतो. घट्ट सिलिकॉन गुळगुळीत असतं. शरीर त्याच्याभोवती एक पातळ पिशवी तयार करतं, त्यामुळे गरज पडली तर ते काढणं सोपं. पण स्क्रूने बसवलं नाही तर ते सरकू शकतं, आणि काहींमध्ये खालचं हाड थोडं झिजतं. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये ऊतक शिरतात, ते जागचं हलत नाही; पण हाच गुण काढायच्या वेळी अडचण होतो, कारण ते आजूबाजूच्या मांसात रुतलेलं असतं. पीक नावाचं कणखर प्लास्टिक आणि टायटॅनियम हे सीटी स्कॅनवरून त्या माणसाच्या हाडाच्या मापाने घडवता येतात. दोन्ही गाल जन्मतःच थोडे वेगळे असतात, त्यामुळे मापाने घडवलेल्या इम्प्लांटचा फायदा खरा आहे. तरी ‘कस्टम’ म्हणजे निर्धोक नव्हे. संगणकावर ४ मिलिमीटरची भर देखणी दिसते, तीच पातळ त्वचेखाली कडा उमटवू शकते.

धोक्यांमध्ये जंतुसंसर्ग पहिला. तोंडाच्या आतून घातलेल्या इम्प्लांटला तोंडातल्या जंतूंचा संपर्क होतोच, आणि परक्या वस्तूवर जंतूंनी एकदा ठाण मांडलं की औषधांनी भागत नाही, बहुधा ती काढावीच लागते. दुसरा धोका मज्जातंतूचा. डोळ्याच्या खालच्या कडेच्या सेंटिमीटरभर खाली हाडातल्या एका भोकातून एक मज्जातंतू बाहेर येतो आणि गाल, नाकाची बाजू व वरच्या ओठाला संवेदना देतो. इम्प्लांट नेमकं त्याच्या शेजारी बसतं. तो दाबला गेला तर ओठ बधिर राहतो किंवा मुंग्या येत राहतात. तिसरं म्हणजे असमानता, म्हणजे एक बाजू किंचित वर बसणं. ‘किंचित’ हा शब्द सर्जनचा असतो, आरशात तेच डोळ्यात भरतं.

स्वतःचं हाड कलम म्हणून वापरण्याची जुनी पद्धत आहे. परकी वस्तू नको म्हणणाऱ्यांना ती आवडते, पण कलम केलेलं हाड किती विरघळेल याचा भरवसा नसतो.

सुईने भर

हायलुरोनिक आम्लाचे फिलर हाडावर खोलवर भरले, तर माफक सपाटपणा चांगला झाकतात. त्यांचं सगळ्यात मोठं मोल मला टिकण्यात वाटत नाही, उलटवता येण्यात वाटतं. हायलुरोनिडेझ नावाच्या एन्झाइमने ते विरघळवता येतात. त्यामुळे इम्प्लांटच्या विचारात असलेल्या माणसाला रंगीत तालीम करायला ही सोय आहे. वरच्या मजल्यावर भर आली तर आपण कसे दिसू, हे काही महिने जगून पाहता येतं. गालात ते साधारण वर्ष-दीड वर्ष परिणाम देतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिलरना असं उतारा-औषध नाही, म्हणून तालमीसाठी ते नकोत.

पण मापाचं भान हवं. एका सिरिंजमध्ये बहुधा १ मिलिलिटर असतं, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्याचा पाचवा भाग. हाडाची मोठी तूट यातून भरून काढायची म्हटली, तर सिरिंजवर सिरिंज लागते आणि चेहरा पुढे येण्याऐवजी फुगतो. हसताना गाल डोळ्यांत चढतात. भर घातली की घातली असं दिसायला लागलं, तर प्रश्न हाडाचा आहे आणि उत्तर सुईत नाही, असं समजावं.

दुर्मिळ पण खरा धोका रक्तवाहिनीचा आहे. फिलर चुकून धमनीत गेलं तर पुढच्या त्वचेचं रक्त तुटतं, ती पांढरी पडते, दुखते आणि वेळेत इलाज झाला नाही तर सडते. नाकाशेजारच्या धमन्या डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असल्यामुळे फार क्वचित दृष्टीही जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणून फिलर टोचणाऱ्या माणसाकडे हायलुरोनिडेझ तिथल्या तिथे हजर आहे का, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

स्वतःची चरबी पोट-मांडीतून काढून गालात भरणं हा याचा चुलतभाऊ. १८९३ मध्येच गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने चेहऱ्यावर तो करून पाहिला होता. भरलेल्या चरबीचा काही भाग जगतो, काही शरीर शोषून घेतं, आणि किती जगेल ते आधी सांगता येत नाही. जगलेली चरबी मग जिवंत चरबीसारखीच वागते: वजन वाढलं की तीही वाढते. गादी पातळ असलेल्या चेहऱ्याला हे छान. हाड मागे असलेल्याला अर्धवट.

या वाटेने जाताना जपून

आधी सांगितलेला निगेटिव्ह व्हेक्टर इथे कामाला येतो. सपाट गालांमुळे डोळ्यांखालच्या पिशव्या उठून दिसतात, आणि माणूस पिशव्या काढायला जातो. अशा चेहऱ्यात खालच्या पापणीला हाडाचा आधार आधीच कमी असतो. नेहमीच्या पद्धतीने त्वचा आणि चरबी काढली, तर पापणी खाली ओढली जाते, डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो, डोळा कोरडा पडतो. तुमच्याकडे पाहून डॉक्टरांनी बाजूने डोळा आणि गाल यांचं नातं तपासलं नाही, तर तुम्हीच तो विषय काढा.

नाकाचंही तसंच. गाल मागे आहेत म्हणून मोठं वाटणारं नाक छोटं केलं, तर चेहऱ्यात उरलेला एकमेव उंचवटाही जातो आणि सगळा चेहरा ताटलीसारखा होतो. गालातली बकल चरबी काढून ‘गाल कोरण्याची’ टूम आहे, ती सपाट चेहऱ्यावर खळगा पाडते आणि वयाबरोबर तो खोल होत जातो. फेसलिफ्ट ओघळलेलं वर उचलते, नसलेलं निर्माण करत नाही.

जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा पुढे येतो, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. वाढ पूर्ण झालेल्या माणसाचं हाड यामुळे पुढे सरकतं याला पुरावा नाही. चेहऱ्यावर ठोकून हाड वाढवण्याचा प्रकार तर सरळ स्वतःला इजा करून घेणं आहे. टाळू रुंद करणारी यंत्रं जबडा रुंद करतात, प्रौढात त्याने चेहरा म्हणावा तसा पुढे येत नाही. खरी संधी लहानपणी असते. साधारण सात ते दहा या वयात, हाडांचे सांधे अजून मऊ असताना, चेहऱ्यावर लावायच्या फेसमास्कने वरच्या जबड्याला पुढे ओढता येतं. म्हणून मुलाचे वरचे दात खालच्यांच्या मागे बसत असतील, तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नये. त्याउलट जबड्याची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच. मुलग्यांमध्ये खालचा जबडा विशीच्या आसपासपर्यंत वाढत राहतो, आणि घाईने केलेलं काम तो पुन्हा बिघडवतो.

क्रम आणि भेटी

एकापेक्षा जास्त गोष्टी करायच्या ठरल्या, तर आतून बाहेर असं जावं: आधी जबडा, मग इम्प्लांट, मग नाक, मग चरबी-त्वचा. आधी इम्प्लांट बसवून नंतर जबडा कापायची वेळ आली, तर पट्ट्या बसवायच्या जागेवर ते आडवं येतं. हा क्रम चुकण्याचं कारण बहुधा वैद्यकीय नसतं. ज्या डॉक्टरकडे आपण आधी गेलो त्यांचं काम आधी होतं, एवढंच. सुतार प्रत्येक दुरुस्ती लाकडात सुचवतो. म्हणून एकदा जबड्याचा सर्जन व ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारा दातांचा डॉक्टर), आणि एकदा चेहऱ्याचा प्लास्टिक सर्जन, अशी दोन्ही मतं घ्यावीत. एकजण दातांवरून विचार करतो, दुसरा बाह्यरेषेवरून.

भेटीत मी असले प्रश्न विचारीन: माझा कुठला मजला मागे आहे आणि ते कोणत्या मापावरून म्हणता? हाडाची तूट किती मिलिमीटर? तुम्ही सुचवता त्याने कुठला मजला हलणारच नाही? काढायची किंवा उलटवायची वेळ आली तर काय? आणि काहीच केलं नाही तर आरोग्याचं काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर घाईचं कारण उरत नाही.

दिवसातले कित्येक तास गालांवरच विचार जात असेल, आरसा टाळता किंवा सोडता येत नसेल, जवळच्यांना दोष दिसतच नसेल, तर ते बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचं लक्षण असू शकतं. साधारण शंभरात दोघांना हा विकार असतो, सौंदर्य-शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याचं प्रमाण याहून जास्त. यात शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही, नजर फक्त दुसऱ्या अवयवावर जाते. समुपदेशन आणि औषधांचा मात्र उपयोग होतो.

शस्त्रक्रिया झालीच, तर पहिले दोन-तीन दिवस सूज चढतच जाते. आरशातला माणूस ओळखू येत नाही, आणि नेमकं याच दिवसांत ‘हे काय करून बसलो’ असं वाटतं. तीन आठवड्यांत बरीच सूज उतरते, उरलेली सहा महिने ते वर्षभर रेंगाळते. तोवर निकाल देऊ नये. तुलना करायची झालीच तर आधी काढला होता तसाच फोटो काढावा: दोन मीटरवरून, बाजूने, मान सरळ, त्याच खिडकीच्या उजेडात.